हिरवी अक्षरं आणि दादाची पाळी

अमरावती रोडवरच्या वाडीतल्या एका डायलिसिस केंद्राचा पाळ्या नोंदवायचा प्रोग्राम मी लिहिलाय, हे आमच्या घरी जरा जास्तच अभिमानाने सांगतात. मोठा भाऊ तिथेच डायलिसिसला जातो. त्यामुळे त्याची पाळी म्हणजे घरचंच काम, अशी सगळ्यांची समजूत.

त्या सकाळी वहिनीचा केंद्रातून फोन आला, यादीत दादाचं नाव नाही. मी पोचलो तेव्हा तो वहिनीशेजारी बाकावर बसला होता. पाय इतके सुजलेले की चपला हातात. मागची पाळी घरच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, बुडाली होती; ही बुडून चालणार नव्हती.

"काहून गा," तो धापा टाकत म्हणाला, "तूच बनवलं न हे? मंग तुह्या कॉम्प्युटरले मीच काहून दिसून नाही राहिलो?"

काउंटरवरच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. "सर, काल मीच नोंद केली. हिरव्या अक्षरात 'नोंद झाली' आलं. आता नाव नाही, अन् मशिनी साऱ्या भरल्या."

मी प्रोग्राम उघडला. पूर्वी काही चुकलं की पडद्यावर कारणासकट लाल चौकट यायची. ताईंना ती नको होती. "पेशंट समोर बसून पाह्यते न सर. लाल दिसलं की त्याले वाटते, आपलाच रिपोर्ट खराब आला." मलाही नको होती, कारण प्रत्येक चौकटीमागून मला फोन यायचा, आणि तो नेमका पहिला घास घेताना. म्हणून मी एक ओळ घातली: कोणतीही चूक आली तरी काही करू नको, पुढे चल. प्रोग्राम माझ्या मुलांपेक्षा आज्ञाधारक. नोंद डेटाबेसात गेली नाही तरी तो पुढे चालायचा, आणि पुढे हिरवी अक्षरं होती. फोन थांबले. प्रोग्राम आता पक्का झाला, असं मी घरी सांगूनही टाकलं.

ती ओळ काढली आणि ताईंना दादाची नोंद पुन्हा करायला लावली. लाल चौकट आली: या मोबाइल नंबरवर आजची एक नोंद आधीच आहे.

हा नियमही माझाच, गेल्या आठवड्यातला. धास्तीने लोक एकाच दिवसाची पाळी दोनदा लावायचे, म्हणून एका नंबराला दिवसाला एकच नोंद. आणि नंबर माझा. दादा फोन उचलत नाही, आईला प्रत्येक फोन बँकेतल्या चोराचा वाटतो. त्यामुळे गॅसपासून लग्नाच्या स्थळांपर्यंत घरचे सगळे माझाच नंबर देतात. त्या दिवशी तिथेच आईची रक्ततपासणी होती. तिची नोंद आधी झाली.

"सर," ताई हळूच म्हणाल्या, "इथं बहुतेकांचं असंच आहे. कोणी पोराचा नंबर देते, कोणी जावयाचा."

मी नियम काढला. इतक्यात आतून टेक्निशियन आला; एक पेशंट बाहेरगावी गेल्याने मशीन रिकामं होतं. दादाला आत नेऊन सुया लावल्या, तसा मी सुटकेचा श्वास सोडला.

तो पुरता सुटायच्या आत रामटेकहून एक बाई म्हाताऱ्या नवऱ्याला डायलिसिसला घेऊन आल्या. पहिल्या बसने निघालेल्या. यादीत नाव नाही. नंबर जावयाचा, आणि त्याच्याच नंबरवर बाईंचीही आज रक्ततपासणी होती.

"नोंद झाली म्हणे न काल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बसा, बघतो." त्या निर्धास्त बसल्या. ते मला लागलं.

आणखी कोणाच्या नोंदी गेल्या ते शोधू लागलो. पण न झालेल्या नोंदीचा मागमूस कुठेच नव्हता. चुकीकडे बघू नको, असं मीच तर सांगितलं होतं. फोन तरी कोणाला करायचा?

काचेपलीकडून दादाने बोलावलं. "त्या म्हाताऱ्याचं काय गा?"

"मशीन नाही."

तो टेक्निशियनकडे वळला. "माह्यं थोडं लवकर काढून त्याईले लावता येते का?"

"डॉक्टरले विचारा लागन," टेक्निशियन म्हणाला.

"मंग विचार न बाबू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अन् तू इथं काहून उभा? दारात जाऊन बस. यादीत नसलेलं कोण कोण येते ते पाह्य."

मी खुर्ची उचलून दारात नेली. अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेमागे एक बस थांबत होती. कोण उतरतंय ते बघत राहिलो.