मल्लूअण्णांचे कॉम्प्युटरचे डबे

वर्कशॉपमध्ये स्क्रू टिकत नाहीत. मूठभर आणा, आठवड्यानं एकही सापडणार नाही. किस्से मात्र कुणी न आणता साठत जातात! मल्लूअण्णांच्या घरामागच्या शेडमध्ये माझे चारेक वर्षांचे रविवार गेले. कुणी विचारतं, "काय करता हो तिथं एवढा वेळ?" आणि मी एक सांगायला गेलो की त्याच्या मागून दुसरा निघतो. आता चहा येईपर्यंत बसलाच आहात, तर ऐका.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात सूतगिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर कुंभारीच्या रस्त्याला घर बांधलं. घर लहान, मागची शेड मोठी. यावरून बायकोशी, म्हणजे आमच्या आक्कांशी, काय बोलणं झालं असेल ते त्या दोघांनाच ठाऊक. मी शेजारी राहतो, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. अण्णांना पत्रा कळतो, मला कॉम्प्युटर कळतो. दोघांना मिळून किती कळतं, ते येईलच पुढं.

*

सुरुवात झाली गौरीमुळं. गौरी ही अण्णांची मुलगी, त्यांना अप्पा म्हणते. ती अॅनिमेशन शिकली, घरूनच कामं करायची, आणि तिला तगडा कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग मी मागवले. सगळे नीट आले, फक्त ज्यात ते बसवायचे ती बाहेरची कॅबिनेट एका बाजूनं चेपलेली निघाली.

अण्णांनी ती हातात घेतली, बोटानं दाबली. पत्रा आत गेला, बाहेर आला.

"ह्यो पत्रा हाय? पापड हाय पापड! परत धाडा. मी करतो. पत्र्याचा डबाच की!"

तीन आठवडे शेडमधून ठोकाठोकी ऐकू येत होती. आत अँगलची फ्रेम, वर जाड पत्रा, कोपऱ्यांना वेल्डिंग. गिरणीतलं मशीन जसं पन्नास वर्षं टिकायला पाहिजे, तसा हा डबा. शेडपासून हॉलपर्यंत तो मी आणि अण्णांनी उचलून आणला. वाटेत दोनदा खाली टेकवला!

समोरच्या घरातले लिंगप्पामामा फाटकातून बघत होते. संध्याकाळी ते आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अण्णा, आमच्या सुनंचं गंठण ठिवायला जागा व्हईल का त्यात?"

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गौरी मात्र शांतपणे म्हणाली, "होईल की मामा. आत पंखा पण आहे, दागिने हवेशीर राहतील!"

*

त्याच डब्याला चालू-बंद करायचं बटण अण्णांनी स्वतः निवडलं होतं. कॉम्प्युटरची बटणं त्यांना पसंतच पडेनात. "दाबलं तर दाबल्यासारखं वाटाया पाहिजे की!" म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून दारावरच्या बेलचं बटण आणलं. दणकट, वर घंटेचं चित्र. डबा ठेवला हॉलमध्ये, दाराला लागून. कारण आणखी आत नेण्याची कुणाचीच तयारी नव्हती.

गौरीनं आदल्या दिवशीपासून रेंडर लावलं होतं. म्हणजे कॉम्प्युटर एकटाच बसून एकेक चित्र तयार करत राहतो, आपण फक्त हात लावायचा नाही. काम संपत आलं होतं. दुपारी काम देणाऱ्या पार्टीला पाठवायचं होतं.

तेवढ्यात सुमनकाकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. दार उघडंच. पण काकू रीतभात पाळणाऱ्या. उघड्या दारातून तशाच आत येणं त्यांना कधी जमायचं नाही.

आम्ही मागं शेडमध्ये होतो. हॉलमधून गौरीची किंकाळी ऐकू आली आणि धावलो. स्क्रीन काळा. गौरी डोक्याला हात लावून जमिनीवर बसलेली. काकू दारात हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभ्या.

"बेल बिघडलीय वाटतं तुमची," काकू म्हणाल्या. "तीन वेळा दाबली, वाजतच नाही!"

*

गौरीसाठीच दुसरा डबा करताना आम्ही शहाणे झालो होतो. निदान तसं वाटत होतं. कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड बसवायची भोकं कुठं पाडायची ते मी ट्रेसिंग पेपरवर काढून दिलं. अण्णांनी तो कागद प्लेटवर चिकटवला, पंच मारला, ड्रिल केलं. भोकं अशी की केसाचाही फरक नाही. गिरणीचा हात!

बोर्ड ठेवला. एकही भोक जुळेना.

अर्ध्या तासानं कळलं की ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि अण्णांनी तो उलटा चिकटवला होता. प्लेट उलटी फिरवून लावली तेव्हा बोर्ड बसला. पण वायरी जोडायची सगळी तोंडं, जी मागं पाहिजेत, ती पुढं आली.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग मागचं पुढं करायचं. त्यात काय?"

"अप्पा, मग बटण मागं भिंतीकडं जाईल!" गौरी म्हणाली.

"जाऊ दे की. बटण मागं गेलं तर निदान सुमनबाईंच्या हाताला लागायचं न्हाय!"

*

आक्कांचा किस्सा मी त्यांच्यासमोर सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

पुढच्या बाजूला हवा आत जायला बारीक भोकांची जाळी लागते. गावभर हिंडलो. मनासारखी मिळेना. एका रविवारी गेलो तर जाळी बसलेलीसुद्धा! स्टीलची, चकचकीत, भोकं एकसारखी.

"कुठून आणली?"

"मिळाली," अण्णा म्हणाले, आणि विषय बदलला. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

तेवढ्यात आक्का आल्या. एका हातात ज्वारीच्या पिठाचा डबा, दुसऱ्या हातात परात. आक्का अण्णांना "री" म्हणतात. कन्नडमधलं "अहो" ते. पण त्या दिवशीचं "री" वेगळंच होतं.

"री, माझी चाळण कुटं हाय?"

अण्णा कानस उचलून उगाचच एक गुळगुळीत कडा घासू लागले. आक्कांनी शेडमध्ये एकदा नजर फिरवली. ती बरोबर डब्याच्या तोंडावर येऊन थांबली. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी परात खाली ठेवली, पिठाचा डबा अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि एकच शब्द बोलल्या.

"चाळा."

अण्णांनी आठ स्क्रू काढले. जाळीची अख्खी फ्रेम हातात घेतली आणि खाली बसून चार माणसांच्या भाकरीचं पीठ चाळलं. मी धरायला मदत केली. नवी चाळण येईपर्यंत तीन दिवस रोज आठ स्क्रू निघत होते आणि लागत होते!

*

रंगाचं काम रफिकभाईंकडं असायचं. रिक्षा आणि टेम्पो रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांना नीट बजावून सांगितलं होतं, "साधा काळा रंग. नक्षी नको, पट्टा नको, काही लिहायचं नाही."

डबा आला. समोरून काळाभोर, आरशासारखा. अण्णा खूश. मग गौरीनं मागं वळवला. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या वर पिवळ्या रंगात, लाल किनार देऊन, झोकदार अक्षरं: "हवा जाने दो".

"रफिकभाई! काही लिहू नका म्हटलं होतं ना?"

"पीछे कुछ तो बी लिखना पडता जी," रफिकभाई गंभीरपणे म्हणाले. "नै तो गाडी अधूरी दिखती."

"ही गाडी न्हाय हो!" अण्णा म्हणाले.

रफिकभाईंनी डब्याभोवती एक चक्कर मारली. "पंखा है. बत्ती है. वायरिंग है. गाडी नै तो क्या है?"

गौरीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला, तर दोघींची ऑर्डर आली. रंग कुठलाही चालेल, मागं लिहिलेलं पाहिजे! हे रफिकभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "और सामने? सामने नींबू-मिरची किधर टांगते?"

*

नरसय्यामामांचं काम सगळ्यात अवघड गेलं. ते विणकर, घरातच माग. पूर्वी चादरीची डिझाइनं चौकटीच्या कागदावर हातानं रंगवायचे, आता कॉम्प्युटरवर करतात. पण कॉम्प्युटर मागाच्या खोलीतच, आणि तिथं हवेत कापूस उडतो. महिन्या-दीड महिन्यात पंखा बंद! मी डबा उघडला तर आत पांढरा ससा बसल्यासारखा दिसला.

अण्णांनी चहूबाजूंनी बंद आणि हवेला एकच वाट असलेला डबा केला. त्या वाटेवर कापड ताणायचं ठरलं. मामांनी अभिमानानं घरचा टॉवेल दिला. तो एवढा जाड की हवाच आत जाईना, दहा मिनिटांत मशीन तापून बंद. दुसरा टॉवेल लावला, तेच. मामांना राग आला. "आमच्या मालात खोट नाही!"

शेवटी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, कपाटातून मामांची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली बनियन आणून दिली. ती चौकटीवर ताणली आणि कॉम्प्युटर मस्त चालला. चौकट काढता-घालता येईल अशी अण्णांनी केली, म्हणजे कापड धुता येईल.

पंधरा दिवसांनी मी मामांना फोन केला. "मामा, ते डिझाइन आज पाठवता का?"

"आज लेदु, आज नाही!" मामा म्हणाले. "कॉम्प्युटरची बनियन धुवून टाकलीय. वाळली की घालतो, मग पाठवतो!"

*

आता शेवटचा.

अण्णांना कमी ऐकू येतं. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नाही. गिरणीच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? आम्ही जरा मोठ्यानं बोलतो, एवढंच. कानाचं मशीन घ्या म्हटलं की म्हणायचे, "ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय?"

गौरीला पुण्याच्या एका स्टुडिओनं नोकरीसाठी नमुना मागितला होता. लहान मुलांची गोष्ट, चित्रं तिची आणि आवाजही तिचाच. तिनं केला, पाठवला. उत्तर आलं, काम छान आहे, पण मागं घरघर येते. पुन्हा केला. पुन्हा तेच. कॉम्प्युटरवर गोधडी टाकून बघितली, तर तो तापून बंद पडला. स्टुडिओनं सांगितलं, सोमवारपर्यंत शेवटचा पाठवा.

शनिवारी गौरी जेवली नाही. अण्णांनी आक्कांना विचारलं, आक्कांनी कानाशी जाऊन सांगितलं. अण्णा उठले आणि शेडमध्ये गेले.

रविवारी सकाळी मी मोठे, सावकाश फिरणारे पंखे घेऊन गेलो. पण खरी घरघर पत्र्याची होती, आणि ती कुठून येते ते मला कळेना. सगळीकडूनच येते असं वाटायचं. अण्णांनी मला बाजूला केलं. डबा चालू ठेवला, डोळे मिटले आणि तळहात पत्र्यावर ठेवला. गिरणीत मशीनवर ठेवायचे तसा. हात सावकाश पुढं सरकत होता.

"हितं."

मी स्क्रू सैल केला, सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घातला. हात पुढं गेला.

"आता हितं. आणि ह्या कोपऱ्यात."

दुपार झाली. आक्कांनी दोनदा जेवायला बोलावलं. अण्णांना ऐकू गेलं नाही, आणि मला उठायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात डब्यावर ठेवले, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "निजलं."

मी कान लावला. खरोखर काही ऐकू येत नव्हतं.

गौरीनं संध्याकाळी गोष्ट रेकॉर्ड केली. बुधवारी स्टुडिओचा फोन आला. घरूनच काम करायचं, पुढच्या महिन्यापासून.

पहिला पगार झाल्यावर तिनं अण्णांना न विचारता सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. पोरीपुढं अण्णांचं काही चाललं नाही. परत आले तेव्हा कानात मशीन होतं. घरभर हिंडायला लागले. चप्पल वाजली की खाली बघायचे. कुकरच्या शिट्टीला दचकले. पंख्याखाली उभे राहून म्हणाले, "ह्यो एवढा वाजतो व्हय?" आक्का काहीतरी बोलल्या, तर म्हणाले, "ओरडतीस कशाला? हळू बोल की!"

"हळू?" आक्का म्हणाल्या. "तीस वर्षं ओरडून घसा बसला माझा!" आणि पदरानं डोळे पुसले.

अण्णा हॉलमध्ये गौरीकडं गेले. ती हेडफोन लावून कामात होती. अण्णा डब्यापाशी उभे राहिले. वाकले. एक कान लावला, मग दुसरा. मागं जाऊन बघितलं. कानातलं मशीन काढलं, झटकलं, पुन्हा घातलं, पुन्हा वाकले.

मग दबक्या पावलांनी बाहेर आले. मला हाताला धरून अंगणात नेलं आणि मशीन माझ्या हातावर ठेवलं.

"सुहासराव, पोरीला सांगू नका. लई हौसेनं आणलंय तिनं," ते हळूच म्हणाले. "पण ह्यात फॉल्ट हाय. घरभर चांगलं चालतंय, आणि कॉम्प्युटरपाशी नेलं की बंद पडतंय!"