सोडलेलं अंजीर

गयेला नवऱ्याचे विधी आटोपले, तेव्हा तिथले गुरुजी आम्हाला एका वडाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, आता आवडीचं एक फळ आणि एक भाजी सोडा. सोडायची म्हणजे जन्मात पुन्हा खायची नाही. मी अंजीर आणि वांगं सोडलं. बरोबर धाकटी नणंद होती. तिने पपनस आणि कारलं सोडलं.

गुरुजींना संशय आला. "आवडतात ना नक्की?"

"जीव की प्राण," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "वहिनी, पपई सोडायची की. अंजीर कशाला?"

"आवडीचं सोडायला सांगितलं होतं."

"शाळेतही ऑप्शनला काही टाकत नसशील तू."

माझं गणित सरळ होतं. नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. थंडी कमी होऊ लागली की कामावरून येताना बाजारातून अंजीर आणायचा. पिशवी बरोबर न्यायची सवय त्याला शेवटपर्यंत लागली नाही. कागदात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकायचा, आणि घरी येईपर्यंत त्यातली निम्मी चेंगरलेली असायची. मी ओल्या फडक्याने डिकी पुसत बडबडायचे. तो ओट्याशी उभा राहून चेंगरलेली संपवायचा आणि धड असलेली ताटलीत माझ्यापुढे सरकवायचा. एवढंच. मला वाटलं, फळ सोडलं की हेही त्याच्याबरोबर जाईल आणि मी कामाला लागेन.

कामाला लागलेच. खराडीच्या ऑफिसात रजेनंतर पहिल्या दिवसापासून सगळं वेळच्या वेळी सुरू झालं. पण हंगाम आला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर अंजिराच्या पाट्या दिसू लागल्या. वांग्याचं काहीच वाटलं नाही, ते भाजीवाल्याकडे रोज दिसतं. अंजीर दिसलं की मात्र मी सिग्नल सुटल्यावरही तिथेच. मागचे हॉर्न वाजवायचे.

नणंद सदाशिव पेठेत वेदान्ताच्या वर्गाला जाते. दर गुरुवारी, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. घरी बसून काय करणार, म्हणून मीही जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापक आहेत, फाफटपसारा अजिबात नाही. त्या दिवशी इच्छेविषयी बोलत होत्या. मन एखाद्या वस्तूचा विचार करत राहतं, त्यातून ओढ लागते. वस्तू मिळाली तर आणखी हवी, नाही मिळाली तर राग. दुःख वस्तूत नसतं, ती 'माझी' म्हणण्यात असतं. मनात काय उठतंय ते नुसतं पाहायला शिका, पाहणारा त्याहून वेगळा आहे.

मी विचारलं, "बाई, वस्तू सोडली तरी ओढ जात नाही. मग सोडून उपयोग काय?"

"तोंडाने सोडलेलं मनाने सुटत नाही, हे जुनंच दुखणं आहे."

"पण मग सोडायला सांगतात कशाला?"

"दुखतं कुठे ते कळावं म्हणून. डॉक्टरसुद्धा आधी पोट दाबूनच बघतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हाला ती ओढ खरंच जायला हवी आहे का, तेवढं घरी जाऊन बघा."

 तेवढ्यात पुढे बसलेल्या एकीला श्वासाविषयी काही विचारायचं होतं.

वर्ग सुटल्यावर नणंदेने खालच्या गाडीवरून अंजिरं घेतली. पिशवी तिच्याकडेही नव्हती. घराणंच तसं. मला न विचारता तिने ती माझ्या डिकीत टाकली आणि मागे बसली. स्कूटर तीच आहे, त्याची.

घरी येऊन डिकी उघडली तर व्हायचं तेच झालं होतं. कागद भिजला होता, बिया तळाला चिकटल्या होत्या, आणि तो वास. मी डिकीचं झाकण धरून उभी राहिले. बाई म्हणाल्या होत्या तसं पाहून पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं नाही. फळ मला नकोच होतं. त्या वासाबरोबर ओट्याशी कोणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि ते हवं असणं कमी व्हावं असं मला जराही वाटत नव्हतं.

नणंदेने ओट्याशी उभं राहून आधी चेंगरलेली खाल्ली. भावासारखीच. मग धड असलेलं एक माझ्यापुढे धरलं. "खा गं. कोण बघतंय?"

"सोडलंय."

"मग दादाला कधी सोडणार?"

"ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं."

ती हसली नाही. अंजीर परत ताटलीत ठेवलं आणि हात धुतले. जाताना म्हणाली, "डिकी पुसून घे, मुंग्या येतील."

हो म्हटलं. फडकं ओलं करून पिळलंही. मग ते दांडीवर वाळत घातलं आणि डिकी तशीच बंद केली.