सहाव्या गाण्यातला ठसका

फोन आला तेव्हा मी कैलासचा ठसका पुसत होते. नाशिकच्या घरी, भर दुपारी, कानांना हेडफोन लावून आमच्या नव्या अल्बमचं सहावं गाणं साफ करत बसले होते. पडद्यावर त्याच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं नाव दिसलं. "ताई, त्या गयात..." एवढंच त्या अहिराणीत बोलल्या, ते गेले म्हणून. जेवून जरा पडला तो उठलाच नाही. कैलास, आमच्या बँडचा गायक, माझा कॉलेजपासूनचा मित्र. हेडफोन गळ्यात घसरला होता आणि त्यातून तो बारीक आवाजात अजून गातच होता... ते गाणं तेव्हा अर्धवट राहिलं, ते राहिलंच.

आमच्या बँडचं नाव पथारी. नंदुरबारबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या जागेला पथारी म्हणतात. कैलासच्या घरचा धंदा तोच. तो गायचा, मी गिटार वाजवायचे, रनाळ्याचा गणेश ड्रम बडवायचा. कॉलेजात एक अल्बम काढला, थोडीफार पोरं वेडी झाली, मग माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. "दिवाळीला येते, मग बसू" असं म्हणत तेरा वर्षं घालवली. बँड मोडला नव्हता, मीच त्याला ताटकळत ठेवलं होतं. कैलासने त्यावरून कधी टोमणा मारला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

मागच्या हिवाळ्यात त्यानेच बोलावलं. रेकॉर्डिंगला जागा कोणती, तर त्याचं मिरचीचं गोदाम! तिथे आवाज घुमतो म्हणे. हे खूळ नंदुरबारकरालाच सुचावं. शटर ओढलं की दुपारी बारालाही आत काळोख. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक रेघा उतरायच्या आणि त्यात तांबूस धूळ संथ तरंगायची. गाणीही तशीच झाली, संथ, काळोखी. गिटारचा सूर छेडला की तो पोत्यांमागे कुठेतरी जायचा आणि बऱ्याच वेळाने परतायचा, थोडा बदलून... ते आठ दिवस मला अजूनही खरे वाटत नाहीत. खरा होता तो ठसका. मी आणि गणेश तोंडाला रुमाल बांधायचो, पण गाणाऱ्याने रुमाल बांधून कसं चालणार? प्रत्येक गाण्यात कैलास कुठेतरी खोकायचा, हसायचा आणि पुढे गायचा.

ते खोकणं काढून टाकायचं मी ठरवलं. फोनवर तो चेष्टा करायचा, "काय करी ऱ्हायनी? गाणं धुई ऱ्हायनी का? ऱ्हाऊ दे तो ठसका, मन्हाच शे."

"तुझाच असला तरी लोक हसतील," मी म्हणायचे. शिष्ट झाले होते मी, दुसरं काय! लॅपटॉपवर जागा पुरेना म्हणून साफ केलेलं गाणं जुन्यावरच चढवत गेले. अशी पाच गाणी झाली. त्यांचं मूळ काही उरलं नाही.

उत्तरकार्य झाल्यावर वहिनींनीच विचारलं, गाणी ऐकवता का. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर लॅपटॉप ठेवून मी एकेक करत पाचही लावली. त्या हनुवटीला पदर लावून ऐकत होत्या. "गोड शे," त्या म्हणाल्या, "पन जसं कोनी दुसराच गाई ऱ्हायना." काय करून बसले हे मला तेव्हा कळलं. मी सहावं लावलं, अर्धंच साफ झालेलं. शेवटाकडे गिटार विरत जाते, सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत कैलासला जोराचा ठसका लागला...

वहिनी उठल्या. खिडकीतला त्याचा उभट पितळी पेला घेतला, माठातून भरला आणि वळल्या. गोदामातून आला की तो अंगणातच खोकायचा आणि त्या पेला घेऊन दारात यायच्या, इतक्या वर्षांची सवय ती. भरलेला पेला धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. गाणं संपलं होतं. मला रडू आवरेना, आणि रडता रडता मलाच ठसका लागला.

"ल्या ताई," पेला पुढे करत त्या म्हणाल्या, "तुम्हीच प्या."