गुणाजीकाकांची मान

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत गुणाजीकाका म्हणजे एकतीस वर्षं गाडी चालवून एक ओरखडा न पाडलेला माणूस. सध्या ते एका कंपनीची गाडी चालवतात. आणि त्या गाडीत त्यांच्यावर डोळे वटारून बसलेला जो कॅमेरा आहे, तो माझं पाप आहे.

एकटीचं नाही म्हणा. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात आम्ही गाडीतला हा कॅमेरावाला स्क्रीन बनवतो. तो ड्रायव्हरच्या सवयी शिकतो, त्याच्याप्रमाणे बदलतो, डुलकी लागली की हाक मारतो. जाहिरातीत तरी असंच लिहिलंय.

ऑगस्टमध्ये काकांना स्क्रीनकडून दोनदा झोपेचा शेरा मिळाला. तिसऱ्या शेऱ्याला कंपनी गाडी काढून घेणार होती, आणि निवृत्तीला दीड वर्ष बाकी.

"पूर्वी बाय, माका झोप लागाक नाय गो," काका काकुळतीला आले.

म्हणून एका सकाळी शेऱ्यांची नोंद बंद करून मी त्यांच्या शेजारी बसले. मारुतीचं देऊळ आलं. काकांचा हात छातीला गेला, डोळे मिटले, मान खाली. स्क्रीन लाल झाला आणि मीच निवडलेल्या गोड आवाजात म्हणाला, "आपण थकला आहात." पुढे नाक्यावर क्रूस आला, तिथेही तेच. काका कुठल्याच देवाला वगळत नाहीत.

"काका, मान खाली घालू नका ना!" मी चिडलेच.

"मी खंय घालतंय? ती आपसूक जाता."

मी आमच्या मॅनेजरशी भांडले. सवयी शिकतो म्हणता ना, मग ही शिकवा त्याला. ते म्हणाले, चालत्या गाडीत मिटलेले डोळे ते मिटलेलेच. खरं होतं ते, म्हणून जास्तच राग आला.

शेवटी शिकले ते काकाच. मान ताठ, नजर समोर, देऊळ जवळ आलं की दात घट्ट आवळलेले. महिनाभर एकही शेरा नाही. स्क्रीनने त्यांचं अभिनंदन केलं. मला लाज वाटली.

दसऱ्याला ते गाडी चाळीखाली घेऊन आले. रमाकाकूंनी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. काका हात जोडून बंद गाडीसमोर उभे राहिले. डोळे उघडे, काचेमागच्या कॅमेऱ्यावर रोखलेले.

"अवो, मान तरी वाकवा," काकू म्हणाल्या.

काकांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग घाबरून माझ्याकडे बघितलं.

"वाकणा नाय गो."