चन्नव्वाच्या बैलाचं जुनं दुखणं

राजेश्वर गावात जनावरातलं मडिवाळप्पाइतकं कुणाला कळत नव्हतं. जागीरदाराच्या पागेत तो वीस वर्षं सलोत्री होता, घोड्यांचा वैद्य. पोलीस ॲक्शननंतर पागा मोडली, घोडे लिलावात गेले आणि पन्नाशीला टेकलेला मडिवाळप्पा बायकोला घेऊन माघारी गावात आला. दोन वर्षं त्यानं कुणाकुणाच्या रानात मजुरी केली. मग गावानं बैलांचा निधी काढला आणि तपासनीस म्हणून त्याला नेमलं.

निधीचा कायदा सोपा होता. दरसाल वर्गणी भरायची. बैल दगावला तर भरपाई मिळायची. मात्र निधीत येण्याआधीचं दुखणं निधीच्या माथी मारायचं नाही. म्हणून मडिवाळप्पा प्रत्येक बैल चालवून बघायचा, दात बघायचा, छातीला कान लावायचा आणि जुनी खोड असेल ती वहीत लिहायचा. पाटलाच्या बैलाचं लंगडणंसुद्धा त्यानं सोडलं नव्हतं.

चन्नव्वा करडईच्या तेलाचा घाणा चालवायची. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, दावणीला एकच बैल. त्याच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती.

"अण्णा, जू घासून झालेली गाठ हाय ती. कामून लिवायलास?"

"हाय ते लिवावं लागतंय, अक्का. गाठीनं काय बैल मरत न्हाई."

निधीच्या तिसऱ्या वर्षी, आषाढात, त्या बैलानं सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत गळा सुजला, जीभ बाहेर आली, श्वास घरघरायला लागला. मडिवाळप्पानं गळ्याला हात लावला. सूज गरम होती, टणक होती. घटसर्प. दिवस मावळायच्या आत बैल गेला.

दुसऱ्या दिवशी निधीचे चिटणीस गुंडेराव यांनी मडिवाळप्पापुढं कागद ठेवला.

"घटसर्प लिहिलंस तर उद्या अख्खा गाव दारात उभा राहील. निधी बुडेल. मान सुजली, मानेवर गाठ होती, नोंद तुझ्याच हातची आहे. जुनं दुखणं लिही."

"राव, गाठ मानंवर हाय, सूज गळ्याखाली हाय. आन् ह्ये एकाचं दुसऱ्याला लागतंय. बीदरला सांगावा धाडून लस मागवायला पायजे."

"मागवली की रोगाचं नाव लिहावं लागेल." गुंडेरावांनी आवाज खाली आणला. "तपासनीस दुसराही मिळतो, मडिवाळप्पा."

मडिवाळप्पाला मजुरीचे दिवस आठवले. घरात खोकत पडलेली बायको आठवली. त्यानं सही केली.

चन्नव्वाला भरपाई मिळाली नाही. बीदरला कुणी कळवलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या शेजारच्या बसलिंगप्पाची बैलजोडी गेली, मग वेशीकडच्या आळीतली जनावरं. बाराव्या दिवशी कुणीतरी परस्पर जाऊन बीदरहून जनावरांचा डॉक्टर आणला, तोवर सदतीस जनावरं गेली होती.

चावडीसमोर डॉक्टरांनी विचारलं, "पहिलं जनावर कधी गेलं? तेव्हाच कळवलं असतं तर बाकीची वाचली असती."

गुंडेराव वही उलटत राहिले. मडिवाळप्पा पुढं झाला.

"बारा दीस झाले, साहेब. चन्नव्वाचा बैल. मला कळलं हुतं. मी खोटं लिवलं."

बसलिंगप्पानं वहाण काढून त्याच्या तोंडावर मारली. कुणी अडवलं नाही. गुंडेराव एवढंच म्हणाले, "मला जनावरातलं काय कळतं? मी ह्याच्या कागदावर चाललो."

दुसऱ्या सकाळी मडिवाळप्पा चन्नव्वाकडं गेला. मायलेकी दोघी घाण्याच्या लाकडाला छाती लावून गोल फिरत होत्या. पोरीच्या खांद्यावर फडकं बांधलेलं होतं. तो पुढं होऊन लाकडाला हात लावणार, तोच चन्नव्वा थांबली.

"गळ्याला हात लावलास, तवाच तुला कळलं हुतं?"

"व्हय."

"मी तितंच उभी हुते. मला तरी सांगायचं हुतं." ती धापा टाकत होती. "शेजारच्याला म्हनले असते, तुजी जनावरं लांब बांद."

ती पुन्हा लाकडाला भिडली.

निधी त्याच महिन्यात मोडला. दिवाळीच्या आधी पोरीच्या छातीत कळा यायला लागल्या, तेव्हा चन्नव्वानं घाणा बंद केला आणि दोघी चिटगुप्प्याला भावाकडं निघून गेल्या. मडिवाळप्पा गावातच राहिला. बायको माघात वारली. तिला न्यायला चार माणसं जमेपर्यंत दुपार टळली.