दाराला आतून कडी

जगात माणसं कशाकशात राहतात हे दाखवायला कुणीतरी एक मोठी बाग उभी केली होती. तिकीट काढून आत गेलं की वाटेच्या दोन्ही अंगांना घरंच घरं. मेंढपाळांचा गोल तंबू, सिमेंटच्या टाकीत तरंगणारं नावेतलं घर, उंच खांबांवरचं बांबूचं घर, एक गुहा. बर्फाचं घरही होतं, पण ते प्लास्टरचं. उन्हानं पिवळं पडायचं, म्हणून त्याला अधूनमधून चुना लावावा लागे. बर्फाला चुना लावणारी जगात मी एकटीच असेन, असं ते काम करणारी काकू म्हणायची. या सगळ्या घरांत पुतळे बसवलेले होते. शेवटच्या मातीच्या घरात मात्र माणसं खरी होती, ती म्हणजे काकू आणि तिचा नवरा.

नवरा बागेतला सुतार. कामगारांच्या खोल्यांचं छप्पर खचलं तेव्हा बागेचे साहेब म्हणाले, "तात्पुरतं राहा की त्या मातीच्या घरात." काकू हरखली. जाड भिंती, गार जमीन, भिंतीत कोनाडे, आणखी काय हवं? पण 'तात्पुरतं' या शब्दाइतका लबाड शब्द दुसरा नाही. एकदा ती दारात वाटाणे सोलत बसली होती. मान वर करून बघते तर समोर ही गर्दी! बाकीच्या घरांपुढे घटकाभरही न थांबणारे लोक इथून हलायला तयार नव्हते. साहेबांनी ते पाहिलं, आणि दोन दिवसांत पाटी लागली: 'येथे खरे कुटुंब राहते. आत येऊन पाहावे.'

झालं! तेव्हापासून फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत दार उघडं. टीव्ही आतल्या खोलीत गोधडीखाली. कुकरची शिट्टी लोक यायच्या आत. खोल्या दुरुस्त झाल्या तेव्हा काकूनं परत जायचं नाव काढलं, तर साहेब शांतपणे म्हणाले, "घर सोडलंत तर सुतारही दुसरा बघावा लागेल." भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली होती.

आणि दाराला आतून कडी नव्हती. कुणाचं तरी पोर नावेतल्या घरात स्वतःला कोंडून बसलं होतं, दार फोडून काढावं लागलं, तेव्हापासून बागेतल्या सगळ्या आतल्या कड्या उपटल्या होत्या. कड्या उपटायचं काम केलं काकूच्याच नवऱ्यानं. एकदा तो तापानं फणफणून पडला होता, तर एक आजीबाई आत आल्या, त्याच्या पायाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, पुतळा कसा हुबेहूब केलाय!" तो उठून बसला तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. ही गोष्ट काकू रंगवून सांगायची. सगळे हसायचे, तीही हसायची.

लेकीची गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे. लेक शाळेत होती तेव्हा तिच्याच वर्गाची सहल बागेत आली. सहल टाळून ती घरीच राहिली होती, कोपऱ्यात जेवत होती. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही, नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "बघा मुलांनो, हे लोक असे जेवतात." मुलांनी मात्र ओळखलं. लेकीनं ताट सरकवलं आणि त्याच महिन्यात वसतिगृहात गेली. सुट्टीतही मैत्रिणीकडे राहायची, आईला भेटायचं तर फाटकाबाहेरच्या बाकावर. आता ती शिकून नोकरीला लागली होती आणि खूप दूर जायची होती. फोनवर म्हणाली, "आई, एक दिवस येते घरी. पण दाराला आतून कडी असेल तरच."

काकूनं नवऱ्यापुढे कडी मागितली. तो म्हणाला, "साहेब मला हाकलतील."

"हाकलू देत. पोर माझ्या घरात एकदा पाठ टेकू दे."

त्यानं जुन्या पेटीतून नावेच्या घराची पितळी कडी शोधली, घासून लखलखीत केली आणि दाराला बसवली.

लेक आली. काकूनं भरदुपारी दार लोटून कडी घातली. खट् असा आवाज झाला आणि दोघी एकमेकींकडे बघून लहान मुलींसारख्या हसल्या. लेकीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. काकू तिचे केस विंचरत बसली. कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग बाहेर कुजबुज सुरू झाली. फटीला डोळे लागले. कुणी दार ढकललं, कुणी थापा मारल्या. "आत आहे का कोणी? आम्ही तिकीट काढलंय!"

काकूचा संयम सुटला. ती ओरडली, "घरात माणसं आहेत!"

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोड्या वेळानं साहेबांचा आवाज आला. आता नोकरी गेली, या तयारीनं काकूनं दार उघडलं. गर्दी अंगणाबाहेरपर्यंत होती. साहेबांचा चेहरा आनंदानं फुललेला. "काकू, कमाल केलीत! उघड्या दारापुढे कधी एवढे लोक जमले नाहीत. उद्यापासून रोज दुपारी कडी लावायची. आणि ते वाक्य, 'घरात माणसं आहेत', ते जरा आणखी मोठ्यानं."

लेकीनं पिशवी उचलली. "आई, चल माझ्याबरोबर."

काकूनं गर्दीत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. हातात पेटी धरून तो खाली मान घालून उभा होता. या वयात दुसरीकडे त्याला कोण ठेवून घेणार? ती लेकीला म्हणाली, "तू हो पुढे."

मग ती नवऱ्यापाशी गेली, पेटीतून पेचकस घेतला आणि लोकांच्या देखत एकेक स्क्रू काढून कडी उतरवली. साहेब "अहो, अहो" करत राहिले. तिनं कडी पदराला पुसली आणि लेकीच्या पिशवीत टाकली.

"जिथं राहशील, तिथल्या दाराला लाव. आतून."

लेक गेली. काकूनं दार सताड उघडलं आणि रोजच्या जागेवर जाऊन बसली.