अप्पांचं दीड पान

दीड पान लिहिल्याची किंमत अप्पांना अशी पडली: दोन लग्नांची आमंत्रणं, गणेशोत्सवातली परीक्षकाची खुर्ची, आणि माझा दोन वर्षांचा अबोला.

अप्पा आज सकाळी गेले.

देवासला शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात पुस्तकांची परीक्षणं लिहायचे.

सकाळपासून मंडळाच्या ग्रुपवर एकच सूर. माणूस चांगला, पण स्वतः काही लिहिलं नाही, दुसऱ्यांचंच खोडत राहिले.

खोटं आहे.

मी टायरवाला. ट्यूबमधली हवा कुठून निघते ते कानाने सांगतो. दुकानात गिऱ्हाइकांचं ऐकत ऐकत सात गोष्टी लिहिल्या, स्वतःच छापल्या. तीनशे कॉपी महिन्यात संपल्या! देवासपासून धारपर्यंत जो भेटेल तो म्हणे, "वा भिया, एका बैठकीत वाचलं!"

मग अप्पांचं दीड पान आलं.

"गिऱ्हाइकं बोलतात तोवर सगळं खरं. लेखक बोलू लागला की भाषण. आणि सातही गोष्टींत बाप दाराबाहेरच उभा आहे. लेखकाचं त्याच्याशी काही बोलायचं राहिलेलं दिसतं."

माझे वडील गावी, सतवासला. सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.
देवासमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.
अप्पांना पुस्तकातून कळलं.

मी भडकलो. माझ्या वतीने बाकीचेही भडकले. आमंत्रणं बंद झाली ती तेव्हाच.

दोन वर्षांनी सतवासला गेलो. वडिलांनी विचारलं, "जेवलास?"
बस. तिथून बोलणं सुरू झालं.

परत आल्यावर ते परीक्षण पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तळाला बारीक टीप होती. तसाच पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन अप्पांकडे गेलो.

"आणलीस पानं? बस. चहा घे."

आज दुपारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. "भिया, शोकसभेत ते परीक्षणाचं राहू दे. अच्छा नहीं लगता."
"पूर्ण वाचणार. टिपेसकट."
"अरे, त्यात तुझीच खरडपट्टी आहे!"
"म्हणून तर."

ज्याने माझ्या गोष्टीत माझा बाप ओळखला, त्याने काही लिहिलं नाही म्हणता? उद्या माझ्यासमोर उभं राहून म्हणा.

टीप अशी होती: "अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट. मधली पानं पाठवावीत."

अप्पा, नमस्कार करतो.

तीनशेच्या तीनशे कॉपींत ती पानं नव्हती. मागितली तुम्ही एकट्याने.